सोळा खिळ्यांची गच्ची

कलिंगड घेण्याआधी बाबा ते टिचकी मारून वाजवून बघत, यात विशेष काही नाही. ते भिंतीही वाजवून बघत. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो की चहा येईपर्यंत त्यांची बोटं पाठीमागच्या भिंतीवर चालू झालेली असत, आणि आई समोरून डोळ्यांनी दटावत असे. आवाज भरीव आला की बाबा निवांत टेकून बसत. पोकळ आला की यजमानांकडे अशा करुणेने पाहत की त्या बिचाऱ्यांना वाटे, डॉक्टरांनी आपल्यापासून लपवलेलं काहीतरी यांना कळलं आहे. बाबा वॉटरप्रूफिंगची कामं घेत. कऱ्हाडकडून गवंड्याच्या हाताखाली म्हणून निघालेला माणूस वाशीत येऊन स्वतःची चार माणसं कामाला लावतो, ही गोष्ट त्यांना अभिमानाची वाटे. पण अभिमान दाखवायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला वाटतं त्यांच्या सगळ्या अडचणींचं मूळ तिथेच होतं.

आमचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर. दारामागे बाबांचे कामाचे बूट आणि एक लाकडी दांड्याची हातोडी. हातोडीची लोखंडी बाजू वापरणं त्यांना रानटी वाटे. ते दांड्याच्या टोकाने गच्ची वाजवत, आणि भरीव-पोकळ ऐकत पुढे सरकत. घरात सिमेंटचा एक कोरडा वास कायम असे, तो आईच्या मते भातालाही लागे. आई अलिबागकडची. रोज सकाळी एकाच तव्यावर दोन प्रकारच्या भाकऱ्या होत, बाबांची ज्वारीची आणि आईची तांदळाची. थापण्याच्या आवाजावरून मी अंथरुणातूनच सांगू शकत असे की कालचं भांडण कोण जिंकलं. जिंकणाऱ्याची भाकरी आधी होई. सुका जवळा म्हणजे समुद्राने टाकून दिलेला केर, असं बाबा म्हणत, आणि आईने कांदा घालून परतलेला तोच केर तीन भाकऱ्यांशी खात. माझी भाकरी कुठली हे कधीच ठरलं नाही. मी पुस्तक समोर धरून मिळेल ती खात असे.

पावसाळ्यात आमच्याकडचा फोन सारखा वाजे. एरवी आठ महिने बाबांचं अस्तित्व कुणाच्या लक्षात नसे. छताला डाग पडला की ते एकदम देवमाणूस होत, आणि डाग वाळला की पुन्हा परके. याचा बाबांना राग नव्हता, पण एक हट्ट मात्र होता. त्यांचं म्हणणं, गच्चीकडे वर्षातून चार वेळा जायला हवं: दिवाळीनंतर, होळीच्या सुमारास, मे महिन्यात आणि मग ऐन पावसात एकदा. पाणी जायच्या जाळ्यांतला कचरा काढायचा, कठड्याचे कोपरे तपासायचे, सगळी गच्ची वाजवायची, आणि काय दिसलं ते लिहून ठेवायचं. एवढंच. ही योजना त्यांनी माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतली, टाइप करून आणली आणि दोन वर्षं इमारती-इमारतींत फिरवली. लोक हसत. "गच्ची काय पळून जाणार आहे का?" असं एकाने विचारलं. स्कूटर दर तीन महिन्यांनी गॅरेजमध्ये नेणारी माणसं डोक्यावरच्या छपराची वर्षातून एकदाही विचारपूस करत नसत. स्कूटर शेजाऱ्याला दिसते, गच्ची दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

आता महाप्यातल्या काचेच्या इमारतींवर आमचं काम चालतं. तिथे या चार फेऱ्यांना भारदस्त इंग्रजी नाव आहे, त्यासाठी ड्रोन उडवतात आणि रंगीत तक्ते काढतात. शेवटी एक माणूस वर जाऊन जाळीतला कचरा काढतो. तो माणूस गेला नाही, तर तुंबलेल्या गच्चीचा फोटो ड्रोनमधून फारच सुंदर येतो.

बाबांच्या कामांपैकी सर्वांत मोठं काम वाशीतल्या एका व्यापारी इमारतीचं होतं. तिचं नाव मी लिहीत नाही. नावाच्या शेवटी 'प्लाझा' होतं, तेवढं पुरे. खाली दुकानं, वर कचेऱ्या. गच्चीवर बाबांनी विटांच्या तुकड्यांचा कोबा घातला होता, आणि वरचा थर ओला असताना दोरी दाबून फूट-फूट अंतराचे चौकोन पाडले होते, सगळ्या कोब्यांवर पाडतात तसे. काम इतकं नेटकं झालं होतं की बाबांनी मला आणि आईला ते मुद्दाम दाखवायला नेलं होतं. आई म्हणाली, "इथे पापड काय सुंदर वाळतील." बाबांच्या धंद्यात याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.

आणि ही गच्ची पहिल्याच पावसाळ्यात गळली. बाबांनी जाऊन ती भेग बुजवली. दुसऱ्या वर्षी ती जागा कोरडी राहिली आणि दुसरीकडून गळली. तिसऱ्या वर्षी तिसरीकडून, आणि नेमकी चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये.

या भोईटेसाहेबांविषयी सांगायला हवं. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाखाली सहा पदं होती. त्यांतली तीन माजी आणि एक बहुधा भावी. केबिनमध्ये स्वतःच्या सत्कारांचे फोटो होते, प्रत्येकात शाल वेगळी आणि चेहरा तोच. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त बसून बोलता येत नसे. दोन माणसांशी बोलायचं असलं तरी उठून उभे राहत आणि घसा साफ करत. गणपतीनंतर त्यांनी बाबांना पत्र पाठवलं: काम निकृष्ट ठरलं आहे, कोबा फोडून गच्चीवर भव्य पत्र्याचा डोम उभारायचा, त्याच्या माथ्यावर इमारतीचं नाव, आणि सदर कॉन्ट्रॅक्टरविषयी सेक्टरमधल्या इतर इमारतींना कळवण्याचा ठराव येत्या बैठकीत मांडण्यात येईल.

बाबांची बहुतेक कामं त्याच सेक्टरमध्ये होती. तो ठराव झाला असता तर त्यांना पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली सुपरवायझर व्हावं लागलं असतं, दुसऱ्याने मिसळलेला माल निमूट बघत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "माल मीच मिसळला होता. माझ्या हातानं." त्या दिवशी कुठलीच भाकरी झाली नाही, आईने खिचडी टाकली.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. संख्याशास्त्र शिकत होते, म्हणजे त्या वर्गात मागे बसून लायब्ररीतली पुस्तकं वाचत होते. पण त्या पत्राने मला एक गोष्ट सुचली आणि मी बाबांना म्हटलं, "तुम्ही नेहमी गळतं तेवढंच बघून आलात. तुमचा तो चार फेऱ्यांचा कागद काय सांगतो? सगळी गच्ची वाजवा म्हणून. आपणच कधी वाजवली नाही."

"किल्ली साहेबांकडे असते," बाबा म्हणाले. "गळल्याशिवाय देत नाहीत."

किल्ली आम्हाला कांतिभाईंनी काढून दिली. ते इमारतीचे सेक्रेटरी, कापडाचे व्यापारी, आणि भाषणांना कंटाळलेले. "दोन दिवस ठेवा, बेटा," ते मला म्हणाले, "साहेब पुण्याला सत्कार घ्यायला गेलेत."

दोन दिवस आम्ही ती गच्ची वाजवली. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद, म्हणजे फूटभराचे दोन हजार चारशे चौकोन. पाऊस ओसरलेला, ऊन असं की कोब्यावर हात टेकवत नव्हता. बाबा एका टोकाकडून, मी दुसऱ्या. पहिला तासभर मला सगळे आवाज सारखेच वाटले. मग एका चौकोनावर दांडा पडला आणि आवाज जरासा सैल आला, बरणीचं झाकण नीट बसलं नसलं की येतो तसा. बाबांनी लांबूनच मान वर केली. "हां," म्हणाले, "तोच." त्यानंतर तो आवाज मला कधी चुकला नाही. पोकळ सापडेल तिथे पिवळ्या खडूने फुली मारायची, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला म्हणून मी टाकीच्या शिडीवर चढून बसले आणि सहज खाली पाहिलं. फुल्या सगळ्या गच्चीच्या पुढच्या भागात होत्या, मागच्या निम्म्या भागात एकही नाही. आणि त्या ओळीत होत्या. चार ओळींत चार-चार फुल्यांचा एक संच, त्याला अगदी खेटून तसाच दुसरा, आणि तिसरा. प्रत्येकात सोळा.

"बाबा, भेगा रांगेत पडतात का हो?"

"भेगेला काय शाळेत जायचंय?"

"मग जरा वर या."

त्यांचा गुडघा दुखत असे, तरी ते शिडी चढले. बराच वेळ बघत राहिले. माझ्यासमोर त्यांनी आयुष्यात एकदाच शिवी दिली, ती त्या शिडीवर.

तेवढ्यात हिरूमामा चहा घेऊन आले. हे इमारतीचे लिफ्टमन, खाडीकाठच्या गावातले, तरुणपणी मिठागरावर काम केलेले. मी विचारलं, "मामा, इथे कुणी काही ठोकलं होतं का?"

"दर साली ठोकतान," हिरूमामा म्हणाले. "पूजेचा मांडव नाय का? सोला खिले. हातभर लांब हाय येकेक."

"आणि नंतर?"

"नंतर काय, उपटतान. भोकान माती भरतान, वरशी सिमिटाचा हात फिरवतान. झाला."

"अहो मग तीन वर्षांत बोलला का नाहीत कधी?"

"मना कोनी इचारला?" हिरूमामांनी शांतपणे कप गोळा केले. "मी लिफ्टवाला. लिफ्टचा इचारला तं लिफ्टचा सांगतो."

दर जानेवारीत प्लाझामध्ये सत्यनारायण असे. पूजा मूळची तळमजल्यावर, चार माणसांची. भोईटेसाहेब चेअरमन झाल्यापासून ती गच्चीवर गेली, तिला मांडव आला, व्यासपीठ आलं, माइक आला आणि प्रसादाआधी पाऊण तासाचं अध्यक्षीय भाषण आलं. टाकी आणि लिफ्टची खोली मागे, म्हणून मांडव पुढच्या भागात. वाऱ्याने उडू नये म्हणून मांडववाले लोखंडी खिळे कोब्यात ठोकून त्यांना दोर बांधत. दर वर्षी भोकं थोडी सरकत, आणि पावसाळ्यात त्यांतलं एखादं तोंड उघडे. होळीच्या सुमारास कुणी नुसतं वर जाऊन पाहिलं असतं तर सोळाच्या सोळा ताजी भोकं दिसली असती. पण वर जायचंच कशाला? गच्ची काय पळून जाणार होती?

घरी बाबा मात्र आनंदी दिसेनात. जेवताना म्हणाले, "सांगू कसं? पूजेनं गच्ची गळती म्हटलं तर मलाच नास्तिक ठरवतील. म्हणतील, स्वतःचं पाप देवावर ढकलतोय."

"देवाला कशाला मध्ये आणता?" आई म्हणाली. "खिळे काही देवाने ठोकले नाहीत."

"पुरावा काय? म्हणतील, मुळात मालच कच्चा होता, म्हणून खिळ्यानं भेगाळला."

आई लोणचं वाढत होती. तिचं लोणचं एका वर्षी बिघडलं होतं, तेव्हापासून मीठ नवं आणलं की ती निम्म्याच फोडींना लावायची आणि निम्म्या जुन्या मिठात ठेवायची. बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळावं म्हणून. ती म्हणाली, "निम्म्या गच्चीत खिळे ठोकलेत आणि निम्मीत नाहीत ना? हात तुमचाच, माल तोच, महिना तोच. मग मधे बांध घाला आणि दोन्हीकडे पाणी कोंडा. कुठलं गळतं ते बघा."

मी दीड वर्ष संख्याशास्त्राच्या वर्गात बसत होते. आईचं शिक्षण सातवी. त्यानंतर मी वर्गात पुढच्या बाकावर बसू लागले, पण तो वेगळा विषय.

बैठक कांतिभाईंच्या गोदामात झाली, गठ्ठ्यांवर बसून. भोईटेसाहेब अर्थात उभे होते. त्यांनी डोमचं चित्र दाखवलं. चित्रात इमारत लहान होती आणि तिचं नाव मोठं. मग निष्काळजीपणा, व्यावसायिक नीतिमत्ता आणि आजची तरुण पिढी यांवर बोलून ते बाबांकडे वळले, "आपल्याला काही सांगायचं आहे?"

बाबा उठले. त्यांना एवढ्या माणसांसमोर बोलायची सवय नव्हती. त्यांचा हात मागच्या भिंतीवर गेला आणि दोन बोटं आपोआप वाजली. भिंत भरीव होती. त्याने त्यांना धीर आला असावा. ते म्हणाले, "माझी मुलगी सांगेल."

मी कागद उलगडला. फुल्यांचा नकाशा, तीन रंगांत. देवाचं नाव घेतलं नाही, मांडवाचंही नाही. एवढंच म्हटलं, की पुढच्या निम्म्या गच्चीत कुणीतरी सोळा-सोळा खिळे तीनदा ठोकले आहेत, मागच्या निम्मीत नाहीत. दोन्हीकडे तीन दिवस पाणी कोंडू. मागचा भाग गळला तर सगळा कोबा आम्ही फोडून फुकट नवा घालू, आणि तुमचं पत्र बाबा स्वतः सेक्टरमध्ये वाटतील.

हे शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. बाबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"आणि पुढचा गळला तर?" कांतिभाईंनी विचारलं.

"तर चार फेऱ्यांचा कागद मान्य करायचा. तीन वर्षांसाठी."

"मुली," भोईटेसाहेब म्हणाले, "हा काही शाळेतला प्रयोग नाही."

"प्रयोग तर प्रयोग, साहेब," कांतिभाई म्हणाले. "पानी ही तो है. डोम तर पळून जात नाही ना?"

गोदामात हशा झाला, आणि ठराव दिवाळीपर्यंत पुढे गेला.

दसऱ्यानंतर आम्ही गच्चीच्या मधोमध विटांचा बुटका बांध घातला, पावसाचं पाणी उतरवणाऱ्या नळांची तोंडं बंद केली आणि दोन्हीकडे चार बोटं पाणी भरलं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खालच्या मजल्यावर कांतिभाई दर तासाला स्टुलावर चढून छताला तळवा लावत आणि ओरडत, "सूखा है!" भोईटेसाहेब प्रत्येक वेळी मान डोलवत, जणू कोरडेपणा त्यांच्या मार्गदर्शनाखाली चालला होता. दोन्ही भाग कोरडे राहिले तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. मग सगळे म्हणणार, पावसाळ्यात गळतं कसं मग? बाबा दुसऱ्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मातीला वेळ लागतो. भोकातली माती आधी पाणी पिऊन घेते, मगच सोडते."

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला भोईटेसाहेबांच्या केबिनमधून आवाज आला. नेहमीचा घसा साफ केल्याचा नव्हे, खरा. आम्ही धावलो. छताला रुपयाएवढा ओला डाग होता, शेजारी दुसरा, आणि हात-दीड हातावर तिसरा. आम्ही बघत असताना पहिल्याचा थेंब झाला आणि टपकन एका सत्कारावर पडला. दुपारपर्यंत पुढच्या भागात खालून सात डाग मोजले. मी नकाशा छताशी धरला. सातही डाग माझ्या फुल्यांखाली.

मग सगळा घोळका मागच्या भागाखाली गेला. कांतिभाई स्टुलावर चढले. त्यांनी एक तळवा लावला, दुसरा लावला, मग गाल लावला. तिथून हलेचनात.

"अरे बोला की, कांतिभाई!" कुणीतरी ओरडलं.

"एकदम कोरडा," कांतिभाई गाल न काढता म्हणाले. "हाडासारखा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. छताच्या कोरडेपणाला टाळ्या पडलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा ऐकल्या. त्यानंतर मी बरेच पुरस्कारसमारंभ पाहिले आहेत, दोन-तीन माझेही. इतक्या मनापासूनच्या टाळ्या तिथे नव्हत्या. बाबा मागे दाराशी उभे होते. हिरूमामा लिफ्ट उघडी टाकून आले होते आणि ज्याला त्याला सांगत होते, "मना ठावं व्हता." बाबा स्टुलाजवळ गेले, कांतिभाईंना हात देऊन खाली उतरवलं, स्वतः चढले आणि छत दोन बोटांनी वाजवलं. सगळ्यांना ऐकू आलं. मग खाली उतरून म्हणाले, "करारात एक ओळ वाढवायची आहे. गच्चीची किल्ली माझ्या मुलीकडे राहील. वर जाणाऱ्याने वहीत काम लिहून, सही करून जायचं."

भोईटेसाहेबांनी करारावर सही करण्यापूर्वी छोटंसं भाषण केलं. वैज्ञानिक दृष्टिकोनाचे ते पहिल्यापासून पुरस्कर्ते होते, असं त्यातून आम्हाला कळलं. पुढच्या भागातली अठ्ठेचाळीस भोकं आम्ही एकेक करून उकरली आणि नीट भरली. पुन्हा पाणी कोंडलं. या वेळी पाच दिवस. कांतिभाईंचा तळवा कोरडाच राहिला. महिन्याभरात त्याच सेक्टरमधल्या चार इमारतींनी तो टाइप केलेला कागद मागून घेतला. बाबांनी प्रती काढायला मला पाठवलं आणि घरी आल्यावर आईला म्हणाले, "तुझ्या लोणच्यानं वाचवलं गं." आईने त्या आठवड्यात रोज ज्वारीची भाकरी आधी केली.

जानेवारी आला. मांडववाले आले, आणि गच्चीचं दार बंद पाहून खाली गेले. थोड्या वेळाने लिफ्टचं दार उघडलं आणि खुद्द भोईटेसाहेब बाहेर आले. मी जिन्याजवळ खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसले होते.

"मुली, जरा किल्ली. पूजेची तयारी आहे."

मी वही उघडून पुढे केली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मीसुद्धा?"

"वर जाणाऱ्याने, असं करारात आहे साहेब. तुमचीच सही आहे खाली."

आजूबाजूला ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून असेल, पण त्यांनी घसा साफ केला नाही. वही गुडघ्यावर ठेवून, वाकून, शाळेतल्या मुलासारखं एकेक अक्षर काढत त्यांनी तारीख लिहिली, नाव लिहिलं. 'काम' या रकान्यापाशी पेन थांबलं. मी वाट पाहिली. त्यांनी लिहिलं: 'सत्यनारायण.' पुन्हा थांबले, पेनाचं टोक तसंच धरून. मग त्याच ओळीत, जरा लहान अक्षरात: 'मांडव वाळूच्या पिंपांवर. खिळे नाहीत.'

मी उठून कुलूप उघडलं.